लेझरच्या दिवसांतली दाढी

मशीनला पांढरे केस दिसत नाहीत. ग्वालियरच्या सिटी सेंटर भागातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, की जणू दुकानात या रंगाचा ब्लाउजपीस संपलाय. मी मात्र खुर्चीत ताठ झाले.

"म्हणजे?"

"मतलब, लेझर बाल के काले रंग को पकड़ता है. उसी रंग से गर्मी नीचे जड़ तक जाती है. जिस बाल में रंग ही नहीं, उस पर हम बस लाइट मारते रहेंगे." मग त्यांनी माझी हनुवटी भिंगाखाली धरून इकडे वळवली, तिकडे वळवली. "अभी ज़्यादातर काले हैं. कुछ सफ़ेद होने लगे हैं. आप सही टाइम पर आ गईं."

सही टाइम पर! गाडी हलायच्या आत डब्यात पाय पडल्यासारखं वाटलं मला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला तिच्या हनुवटीबद्दल कुणी काही चांगलं बोलेल, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, पाहुण्यांची यादी, दिवाळीला कुणाकडे कोणता डबा जायचा त्याची यादी. एका शाळेच्या ऑफिसात मी वेळापत्रकं आखते आणि घरीही फ्रिजच्या दारावर आठवड्याचा कागद लावते. पण कॉलेजात असल्यापासून रोज सकाळी जे काम मी न चुकता करत आले, ते कधी कुठल्या यादीत लिहिलं नाही. घर उठायच्या आत खिडकीशी उभं राहायचं, छोटा आरसा उजेडाकडे तिरपा धरायचा आणि चिमट्याने हनुवटीवरचे आणि ओठावरचे केस उपटायचे. एक चिमटा खिडकीत, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात स्टेपलरच्या पिनांखाली. प्रवासाला निघताना तिकीट विसरले असते, चिमटा नाही. दिवसभर डावा हात हनुवटीवर. आमच्या ऑफिसात मला फार विचारी समजतात, त्याचं कारण एवढंच.

मुलीने मला पकडलं ते सिग्नलवर. ती सिटी सेंटरमध्येच नोकरी करते. त्या दिवशी मी तिला सोडायला स्कूटीवर निघाले होते. लाल दिवा लागला, आरशात एक केस दिसला, आणि हात आपोआप पर्सकडे गेला.

"आई! ये क्या कर रही हो? सगळे बघतायत."

"कोण बघतंय? सगळे मोबाइलमध्ये आहेत."

"टेम्पोवाला बघतोय."

टेम्पोवाला खरंच बघत होता. दिवा हिरवा झाल्यावर मी गाडी अशी काही पळवली, की मुलगी मागून ओरडत राहिली. ऑफिसच्या दारात उतरल्यावर तिने हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे बघ, मी अपॉइंटमेंट घेते आहे. नाही म्हणायचं नाही. माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या मुली जातात. It's normal, आई." इंग्रजीत सांगितलेली गोष्ट तिच्या मते जास्त खरी असते.

तर अशी मी त्या खुर्चीत पोचले. एकदा पोचल्यावर मात्र मला उत्साहाचं भरतं आलं. इतक्या वर्षांची रोजची कटकट, आणि तिच्यावर उपाय करणारं यंत्र माझ्या घरापासून स्कूटीच्या अंतरावर उभं होतं! मी डॉक्टरबाईंना इतके प्रश्न विचारले की त्यांनी शेवटी पाणी मागवलं, स्वतःसाठी. त्यांनी सगळं नीट सांगितलं. आधी रक्ताची तपासणी, कारण असे केस कधी कधी आतल्या हार्मोन्समुळे येतात. मग कानाखाली छोटीशी चाचणी. मग महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने एकेक बैठक. केस "कायमचे जातील" असं त्यांनी मुळीच म्हटलं नाही. कमी होतील, बारीक होतील, काही उरतील. मला हा प्रामाणिकपणा आवडला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधल्या काळात चिमटा नाही, धागा नाही, वॅक्स नाही, ब्लीच नाही, हळदीचं उटणं नाही.

"क्योंकि लेझर को जड़ चाहिए. आप जड़ उखाड़ देंगी तो मैं किस पर मारूँगी?"

"आणि केस वाढले तर?"

"शेव कीजिए. हर सेशन से एक दिन पहले भी शेव करके आइए."

शेव! मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, तेव्हा ते दाढीच करत होते. अर्धा गाल फेसाचा.

"माझं ब्लेड मागू नकोस हं," ते घाईघाईने म्हणाले.

"तुमचं कोण मागतंय? माझं स्वतःचं आणलंय." मी पर्समधून गुलाबी रेझर काढून दाखवला.

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "केस दुप्पट होऊन येतात म्हणतात."

"तुमचे झाले का दुप्पट? इतकी वर्षं करताय." मग आम्ही दोघं शेजारी उभं राहून दाढी करत होतो आणि त्यांनी मला कातडी कशी ताणून धरायची ते शिकवलं. लग्नानंतर त्यांनी मला शिकवलेली ही बहुधा पहिलीच उपयोगी गोष्ट असावी. त्यांनाही ते जाणवलं असणार, कारण दिवसभर ते मोठ्या खुशीत होते.

पहिली बैठक मला अजून बारीकसारीक आठवते. डोळ्यांवर जाड चष्मा. हनुवटीवर थंडगार जेल. मग टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकबरोबर रबर ताणून सोडल्यासारखा चटका, लगेच पाठोपाठ गार स्पर्श, आणि हवेत केस जळल्याचा वास. मी हसायला लागले.

"दर्द हो रहा है?" डॉक्टरबाईंनी हात थांबवला.

"नहीं नहीं, आप मारिए. ज़ोर से मारिए!"

बाहेर मुलगी बसली होती. ती नंतर म्हणाली, वेटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलं.

आठवडा-दीड आठवडा काहीच झालं नाही. उलट खुंट वर आल्यासारखे वाटले आणि माझा जीव खाली-वर. मग एका सकाळी तोंड पुसलं तर टॉवेलवर मिरीची पूड सांडल्यासारखे काळे ठिपके. चिमट्याशिवाय! आपोआप! मी तिथूनच मुलीला फोन लावला.

"अगं पडले! पडले!"

"कौन गिरा? बाबा?"

"केस गं, केस!"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली, पण हसत होती.

त्यानंतर उन्हाळा आला. ग्वालियरच्या उन्हाळ्यात कातडी काळवंडू द्यायची नाही, ही अट पाळणं म्हणजे खरं काम. काळवंडलेल्या कातडीवर लेझर भाजू शकतो. स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्टोलने गुंडाळतात, तशी मीही गुंडाळू लागले. एकदा पडाव चौकाजवळ आमच्या शाळेतले सर शेजारून गेले आणि त्यांनी मला ओळखलंच नाही. मला फार मजा वाटली. खिडकीत, ऑफिसात, जिथे जिथे चिमटा होता, तिथे तिथे सनस्क्रीनची ट्यूब आली. दुसरी बैठक झाली, तिसरी झाली. प्रत्येक वेळी टॉवेलवरचे ठिपके कमी. पाहुणे आले तरी मी सरळ खिडकीसमोरच्या खुर्चीत बसू लागले. पांढरे केस मात्र होते तिथेच होते, आणि दर वेळी भिंगाखाली डॉक्टरबाईंना एखादा नवीन सापडायचा. मला रात्रंदिवस एकच घाई होती, बाकीचे काळे आहेत तोवर सगळ्या बैठका उरकायच्या.

हे सगळं मुलगी आणि आमचे हे सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात आमच्या महिला मंडळाचं नाटक आलं.

आमच्या मंडळाची गणपतीत नाटक करायची जुनी पद्धत आहे, आणि तिचा एक नियम आहे. रंगमंचावर पुरुष येणार नाही. वकील, हवालदार, सेनापती, सासरा, सगळे बायकाच. मी उंच आहे, आवाज भरदार आहे, त्यामुळे लग्न होऊन या शहरात आले त्या वर्षापासून मी पुरुषच. आमच्या काकू नाटकं लिहितात आणि बसवतात. त्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, सत्तरी ओलांडली, पण तालमीत उशिरा आलेल्या बाईला अजूनही दाराबाहेर उभी करतात. आणि नाटकातली नायिका म्हणजे आमच्या गल्लीतल्या वहिनी. गोऱ्या, ठेंगण्या, नाजूक. त्याही त्या वर्षापासून नायिकाच. फार पूर्वी एकदा मेकअप चालू असताना वहिनी हसत म्हणाल्या होत्या, "ताईंना गोंद कमी लागतो न, थोडं सामान घरचंच आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पर्समध्येही चिमटा आला.

या वर्षी काकूंनी लिहिलं होतं एका जुन्या सरदाराचं नाटक. हा सरदार म्हणजे घरातला सासरा. दरबार गेला, वतन गेलं, ऐट तेवढी उरली. त्याची खोड अशी की खोटं बोलताना त्याचा हात मिशीकडे जातो, आणि हे त्याला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मिशी आणि टोकदार दाढी, दोन्ही हवीत. सरदार मी, सून वहिनी.

काकूंची आणखी एक शिस्त म्हणजे दाढी-मिशी तालमीपासूनच लावायची. "ओठावर मिशी बसली की बाईचं बोलणं बदलतं," असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे. तर तालमीच्या त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी गोंद लावून दाढी चिकटवली आणि तालीम संपली की सर्रकन ओढून काढली. डोळ्यांत पाणी यायचं, पण ते दर वर्षीच येतं. मला डॉक्टरबाईंची मनाई पाठ होती. चिमटा नाही, धागा नाही, वॅक्स नाही, ब्लीच नाही, हळद नाही. दाढी लावू नका, असं त्यांनी कुठे सांगितलं होतं?

चौथ्या बैठकीला त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आपने वैक्स कराया?"

"नहीं."

"थ्रेडिंग?"

"बिल्कुल नहीं."

"तो जड़ें कहाँ गईं? पूरे पैच खाली हैं. और स्किन इतनी लाल क्यों है?"

मी आठवू लागले, आणि एकदम लक्षात आलं. "वो... मैंने दाढ़ी लगाई थी."



"आपने क्या लगाई थी?"

"दाढ़ी. और मूँछ. नाटक में. गोंद से."

डॉक्टरबाईंनी भिंग खाली ठेवलं. "मैं जो हटा रही हूँ, आप वही ऊपर से चिपका रही हैं?" आणि मग त्या अशा हसल्या, की त्यांना स्टूलवर बसावं लागलं. मीही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि लगेच त्यांचा आवाज बदलला. आज लेझर नाही. कातडी सोलवटलेली आहे, आणि मारायला मुळंच नाहीत. केस परत वर येईपर्यंत थांबायचं. आणि त्या काळात पुन्हा गोंद लावला तर पुढची बैठकही वाया. "देखिए, मुझे तो जल्दी नहीं है. पर आपके बाल सफ़ेद हो रहे हैं. वो आपके नाटक के लिए नहीं रुकेंगे."

परत येताना महाराज बाड्याच्या चौकात मी स्कूटी लावली आणि ठेल्यावर लिंबूपाणी प्यायले. समोर बँक, मागे बाजार, सगळीकडे संध्याकाळची गर्दी. मी विचार केला. नाटक गणपतीत. तोवर तालमी रोज. म्हणजे रोज गोंद. सरदाराचं काम सोडायचं तर कारण द्यावं लागणार. खरं कारण दिलं तर इतकी वर्षं जे लपवलं ते एका संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळणार. न द्यावं तर हनुवटीची उरलेली संधी गोंदाच्या बाटलीत जाणार. मी ठरवलं, गोंदाची अॅलर्जी झाली म्हणून सांगायचं. सुटसुटीत कारण. पुरावाही होता, लाल ओठ.

मंडळाचं सभागृह तिथून चालत जाण्याइतकं जवळ. मी पोचले तेव्हा काकू खुर्चीत, बाकीच्या सतरंजीवर, आणि वहिनी पदर खोचून सुनेच्या प्रवेशाला तयार.

"दाढी कुठाय?" काकूंनी विचारलं.

"काकू, यंदा दाढी नको. गोंदाची अॅलर्जी झाली मला."

"इतकी वर्षं लावतेस. आजच कशी झाली?"

"होते अशी अचानक. डॉक्टर म्हणाले."

"कोण डॉक्टर?"

"आहेत न, सिटी सेंटरला." आणि बोलता बोलता माझा डावा हात, त्याच्या जुन्या सवयीने, वर गेला आणि ओठावर, हनुवटीवर फिरू लागला.

सतरंजीवरून कुणीतरी किंचाळलं, "अगं बाई, सरदार खोटं बोलतायत!"

असा काही हशा पिकला, की खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल. काकूसुद्धा हसल्या, ज्या तालमीत कधी हसत नाहीत. माझा हात हनुवटीवर तसाच. आता काय करायचं? हात खाली घेतला तर खोटं कबूल केल्यासारखं, न घेतला तर सरदार. मी हात खाली घेतला.

"बरं, ऐका," मी म्हटलं. "अॅलर्जी नाही. मी लेझर करून घेतेय. हनुवटीवर आणि ओठावर. मला केस येतात. कॉलेजपासून येतात. रोज सकाळी उपटते मी. म्हणजे उपटत होते. आता गोंदाने मुळं निघून येतात आणि लेझरला मुळं लागतात. आजची बैठक वाया गेली. आणि माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पांढरे लेझरला दिसत नाहीत. त्यामुळे मला दाढी लावता येणार नाही. संपलं."

एका दमात बोलले सगळं. कुणी हसलं नाही. मग एकदम सगळ्याच बोलू लागल्या. दुखतं का? गुडघ्यांवर करतात का? चेहऱ्यावरचे डाग जातात का त्याने? देवाने दिलेलं असं जाळून टाकावं का? या शेवटच्या प्रश्नावर दुसरीने विचारलं, मग तू केस का रंगवतेस? त्यांचं तिथेच जुंपलं. मी मुद्देसूद उत्तरं देत होते. डागांचा लेझर वेगळा, त्याला दुसरं मशीन. गुडघ्यांवर होतो. कंटाळा येईल एवढंच दुखतं. मला चक्क मजा यायला लागली होती. इतके महिने माझ्याकडे एवढी माहिती साठली होती आणि ती विचारायला कुणीच नव्हतं!

"माझे होतील का?" काकूंनी हनुवटी पुढे केली. तिथे दोन लांबसडक रुपेरी केस होते, जे आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं न पाहिल्यासारखं करतो.

"नाही काकू. तुमचे पांढरे. मशीनला दिसत नाहीत."

"मशीनला दिसत नाहीत, मग मला कशाला दिसतात मेले!"

त्या हशात तालमीचा अर्धा वेळ गेला. मग काकूंनी टाळी वाजवली. प्रश्न उरलाच होता. दाढीशिवाय सरदार नाही. कुणी म्हणालं, काजळाने रंगवा. काकू म्हणाल्या, हा बालवाडीचा फॅन्सी ड्रेस नाही. कुणी म्हणालं, इलॅस्टिकने कानाला अडकवा. काकू म्हणाल्या, ही रामलीला नाही. कुणी म्हणालं, सरदार गुळगुळीत दाखवा. काकूंनी त्या बाईकडे नुसतं पाहिलं.

मग वहिनी उठल्या आणि पिशवीतून माझी दाढी काढून हातात धरली.

"काकू, मी करू का सरदार?"

"तू?" काकूंनी त्यांना नखशिखांत पाहिलं. ते फार वेळाचं काम नव्हतं.

"दर वर्षी सून, नाहीतर मुलगी, नाहीतर नवरी. रडायचं आणि पदर डोळ्याला लावायचा. मला कधीच कुणावर ओरडायला मिळालं नाही. ताईंना मिळतं. मी घरी आरशासमोर ताईंची वाक्यं म्हणून बघते. सच में."

"आणि सून?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "ताई करतील न. त्यांना यंदा गोंदच लावायचा नाहीये." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी एकदा काहीतरी बोलले होते तुम्हाला. मेकअप करताना."

"आठवत नाही," मी म्हटलं. या वेळी हात खाली ठेवायला मी विसरले नाही.

काकूंना उंच सून आणि ठेंगणा सरदार हे मुळीच पटलं नव्हतं. पण वहिनींनी दाढी लावून पहिली डरकाळी फोडली आणि दारात चहा घेऊन आलेली बाई कप घेऊन तशीच मागे फिरली. काकू म्हणाल्या, "राहू दे. चालेल."

मी आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर नऊवारी नेसणार होते. त्या दिवसापासून मी तरंगतच होते. घरी सुनेसारखं चालायचा सराव करत होते आणि हे म्हणत, "तू हवालदारासारखीच चालतेस अजून." मुलगी म्हणे, "बाबा, उसे करने दो ना." केस वर आले, मी शेव केलं, आणि गणपतीच्या आधी चौथी बैठक नीट पार पडली. पांढरे केस मागच्या वेळेपेक्षा खरंच वाढले होते. डॉक्टरबाईंनी दाखवले, मी पाहिले. काही आता राहणारच. "बाकी सब मर रहे हैं," त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं, "मारिए."

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात सरदार नमतो. सुनेपुढे त्याला कबूल करावं लागतं, की घर तिने सांभाळलं, त्याने नुसती ऐट सांभाळली. काकूंनी तिथे एक खूण लिहिली होती. सरदार सुनेची हनुवटी बोटांनी वर उचलतो आणि बोलतो. तालमीत आम्ही ती नुसती हवेत करायचो, कारण वहिनींच्या बोटांना गोंद लागलेला असे. मला ते सोयीचंच होतं. हनुवटीला कुणी हात लावला की मी आजवर मागे सरकत आले आहे. लहानपणी मुलगी दूध पिताना तिथे चाचपडायची, तेव्हाही मी तिचा हात हळूच बाजूला करायची.

त्या रात्री सभागृह भरलं होतं. समोरून पांढरा झगझगीत प्रकाश, इतका की पहिल्या रांगेपलीकडे काही दिसत नव्हतं. वहिनी ऐन रंगात होत्या. आधीच्या प्रवेशात त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या. त्या माझ्यासमोर आल्या, मान उंच केली, कारण मी त्यांच्यापेक्षा वीतभर तरी उंच, हात वर नेला आणि माझी हनुवटी धरली. खरोखरची. अंगठा खाली, बोटं बाजूला, आणि चेहरा उजेडाकडे उचलला.

आणि गप्प.

मी वाट पाहिली. त्यांचे डोळे मोठे झाले. दाढीच्या आत ओठ हलले, पण आवाज नाही. वाक्य पार गेलं होतं. विंगेतून काकूंचा फुसफुसता आवाज आला, "सूनबाई, आजवर..." वहिनींना ऐकूच गेलं नाही. त्यांनी माझी हनुवटी आणखी घट्ट धरली, जणू वाक्य तिथूनच सापडणार होतं.

ते वाक्य मला पाठ होतं. तालमीच्या पहिल्या आठवड्यात सरदार मीच होते. मग मी, नऊवारीत, नाकात नथ, हनुवटी वहिनींच्या मुठीत, माझ्या जुन्या भरदार आवाजात सरदाराचं वाक्य बोलले.

"सूनबाई, आजवर आम्ही खोटं बोललो, हेच म्हणायचंय न मामंजी तुम्हाला?"

सभागृह कोसळलं. वहिनींच्या खांद्यांना हसू आवरेना, त्यांनी मान डोलावली आणि त्यांची दाढी एका बाजूने सुटून लोंबू लागली. काकूंनी पडदा पाडायची खूण केली तरी टाळ्या थांबेनात. मी विंगेत आल्यावर त्या म्हणाल्या, "माझं वाक्य बिघडवलंस," आणि मग, "पण असू दे तसंच. उद्याच्या प्रयोगालाही असंच म्हण."

घरी येऊन दागिने उतरवताना मला कळलं की तिथे उजेडात, हनुवटी दुसऱ्याच्या हातात असताना, मी मागे सरकले नव्हते. मला फक्त पुढचं वाक्य वेळेवर बोलायचं होतं. नथ डबीत ठेवली, गजर लावला, कारण उद्या पुन्हा प्रयोग होता, आणि वहिनींना फोन केला, की उद्या दाढीला थोडा जास्त गोंद लावा.